टाळ कुठं गेले

7 जून 2024
पाऊस अजून नाही. होड्या वर ओढून झाल्या. 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद.
बाबांसाठी आणलेला प्लेअर आज सुरू केला. काडेपेटीएवढा आहे. कार्डात त्यांच्या भजनी मंडळाच्या नव्वदीतल्या कॅसेटी भरून घेतल्यात. दोन अभंग ऐकले आणि इयरफोन काढून ठेवले. म्हणाले, "मृदंग बरा आहे. टाळ कुठं गेले?"

9 जून
प्लेअरमध्ये तयार सेटिंगं आहेत: रॉक, पॉप, जॅझ, क्लासिकल, बास. 'रॉक'वर मृदंग फुगतो. 'बास'वर सगळं घुमतं, पेटी त्यात बुडते. टाळ मला सगळीकडे ऐकू येतात. बाबांना कुठंच नाही.

12 जून
पहिला जोराचा पाऊस. वीज गेली, प्लेअर चालू.
'कस्टम'मध्ये पाच पट्ट्या. 400, 1000, 2500, 6300, 16000 हर्ट्झ. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. मृदंगाची धूम 400 च्याही खाली. टाळांची किणकिण 2500 च्या पुढं. 6300 ची पट्टी पार वर नेली. कॅसेटचा सूं आवाज अंगावर आला, माझे दात शिवशिवले.
बाबा म्हणाले, "काही फरक नाही. आवाज वाढव."
आवाज आधीच शेवटाला होता.

19 जून
संध्याकाळी बातमी. वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी. 76,220 कोटी.
रात्री माणसं जमली. बाबा पुढंच बसले, मान हलवत होते. परत येताना विचारलं, "काय म्हणाले सगळे?" मला वाटलं, माझं मत विचारतायत. त्यांना शब्द हवे होते.

20 जून
झोप नाही.

23 जून
अंगणात रातकिड्यांनी कान किटलेत. बाबा ओट्यावर बसून म्हणतात, यंदा रातकिडे कमीच.
मग त्यांच्या कामाच्या खोलीत जाऊन उभी राहिले. पोलादी ठोकळे, छिन्न्या, हातोडी, भिंग. आपल्या या पट्ट्यात घराघरांत डाय कोरतात. सोनार त्यावर सोन्याचा पत्रा ठेवून नक्षी उठवतात. मुंबईच्या झवेरी बाजारापर्यंत माल जातो. लहानपणी मी त्या ठकठकीतच पाढे पाठ केले. डोळे जपणारे डायमेकर पुष्कळ पाहिले. कान झाकलेला एकही नाही.

28 जून
डहाणू. कानाचे डॉक्टर. बाबांना बंद खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ ते नुसतेच बसलेले दिसले.
कागदावर आलेख आला. 250, 500, 1000 पर्यंत रेघ बरी. 2000 पासून उतरते, 4000 ला खड्डा, 8000 ला जरा वर. डॉक्टरांनी आलेख बघितला आणि पहिलंच विचारलं, "काका, काम काय करता?"
ठोक्यांच्या आवाजानं आतल्या कानातल्या पेशी मरतात. त्या परत येत नाहीत. स, श, फ यांसारखे उच्चार त्याच बारीक पट्टीत असतात, म्हणून बोलणं ऐकू येतं पण कळत नाही. डॉक्टरांनी कानाचं मशीन सुचवलं.
"बघू," बाबा म्हणाले. एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले.

1 जुलै
आलेख आणि प्लेअर शेजारी ठेवून बसले. 4000 ची पट्टी नाहीच, 2500 आणि 6300 मिळून काम भागवायचं.
बारीक आवाज वाढवत सुटलं की फाटतो. त्यापेक्षा जाड आवाज उतरवायचा. 400 बरीच खाली, 1000 थोडी खाली. 2500 आहे तिथंच. 6300 दोन घरं वर. 16000 तळाला, या कॅसेटीत तिथं सूंशिवाय काही नाही.
जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा: 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास. प्लेअरचा आवाज अर्ध्यावर अडकवून टाकला. उरलंय ते तरी राहू दे.

3 जुलै
"गाणं पातळ झालं." रुसले. मृदंगाची सवय आहे. 400 एक घर वर.

17 जुलै
आषाढी. सकाळपासून प्लेअर त्यांच्याकडेच.
"आहेत गो. मागं आहेत." मग बोट वर करून, "हा अण्णा. नेहमी घाई. ऐक, पुढं पळाला बघ." मी दुसरा इयरफोन कानात घातला. खरंच एक टाळ लयीच्या पुढं पळत होता. इतक्यांदा ऐकून माझ्या ध्यानात आलं नव्हतं.
अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली.

9 ऑगस्ट
आदिवासी दिन. डहाणूत मिरवणूक. तारपा अगदी जवळून ऐकला. दुधीचा भोपळा, बांबूच्या नळ्या, पुढं ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा दम तुटू देत नाही, गाल फुगलेलेच. फोनवर रेकॉर्ड केलं.
घरी भजनाच्या सेटिंगवर लावलं तर चिरका. तारप्याचा जीव मधल्या पट्ट्यांत आहे, त्याच मी खाली ओढल्यात. सगळं सपाट केलं. बाबांचा पाय हलायला लागला.

19 ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. बाबांनी नारळ सोडला. बोलले नाहीत.

25 ऑगस्ट
बंदरावरच्या सभेत फोन बोलणाऱ्याच्या पुढ्यात ठेवला. घरी येऊन 'कस्टम 2' केलं, फक्त बोलण्यासाठी. 400 तळाला, 2500 वर, 6300 वर. मृदंग नाही, पेटी नाही, इथं गोडवा नको.
बाबा थांबवून थांबवून ऐकत होते. "1,448 हेक्टर? मागं घे." परत लावलं. "समुद्रात भराव? एवढा?" परत मागं. जूनपासून जे सगळ्या गावाला पाठ आहे ते त्यांना आज पूर्ण कळलं. रात्री जेवले नाहीत.

30 ऑगस्ट
पालघरला बंदराची पायाभरणी. इकडे किनाऱ्यावर काळे झेंडे. बाबा गेले होते. प्लेअर घरीच.

2 सप्टेंबर
मशीनला हो म्हणाले. सभेला बसताना लावणार. थोडंफार कोरायचं काम अजून सोडत नाहीत, तेव्हा काढून ठेवणार.
कोरताना इयरप्लग घालायचे, ही माझी अट. डहाणूहून आणलेत, फोमचे. समोरच्या घरातल्या पोरानं नुकतीच हातोडी धरलीय. एक जोडी त्याला दिली.