पुढचा गडी मागे येतो तेव्हा

आमचे धाकटे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅनडातील टोरोंटो शहरी राहतात. त्यांचा दहा वर्षांचा मुलगा तेथे बर्फावरील हॉकी खेळतो. गेल्या मार्गशीर्षात एके सकाळी मोबाइलच्या पडद्यावर त्याचे मुख दिसले ते रडवेले. "आजोबा, कोचनी मला फॉरवर्डचा डिफेन्समन केला," एवढेच तो कसाबसा बोलला. त्या खेळातले आम्हांस काहीच कळत नव्हते, परंतु आपल्या नातवास कोणी मागे सारले एवढे मात्र कळले, आणि तेवढ्या ज्ञानावर आम्ही तत्काळ निकाल दिला, "सांग त्यांना, मागे उभे करावयास दुसरा कोणी पाहा म्हणावे."

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी अत्यंत सौम्य शब्दांत कळविले, की आजोबांची आज्ञा शिरसावंद्य मानून नातू सरावास जावयाचे नाकारीत आहे. आम्ही वरमलो. पाठ वाचल्यावाचून वर्गात पाऊल टाकावयाचे नाही हा नियम आम्ही सारी नोकरी पाळला, आणि घरच्याच मुलाच्या बाबतीत तो मोडला! तेव्हा जे आधी वाचावयाचे ते आम्ही मागाहून वाचू लागलो.

पुष्कळ वाचकांस हा खेळ अपरिचित असेल, म्हणून थोडे सांगतो. बर्फावर एका बाजूचे एका वेळी सहा गडी असतात: एक गोलरक्षक, दोन डिफेन्समन आणि तीन फॉरवर्ड. पायांत पोलादी पात्यांचे बूट. चेंडूच्या जागी कठीण रबराची चकती. फॉरवर्ड चुकला तर त्याच्या मागे सावरावयास दोघे असतात. डिफेन्समन चुकला तर एकटा गोलरक्षक उरतो. शिवाय डिफेन्समनास चालून येणाऱ्या प्रतिपक्षीयाकडे तोंड ठेवून, जवळजवळ त्याच्याच वेगाने, उलट्या पावली घसरत जावे लागते. जन्मभर पुढेच धावलेल्यास ही विद्या सहसा साधत नाही. म्हणून पुढचा गडी मागे आणावयाचा, तर तो पारखूनच आणावा लागतो.

असे पारखलेले गडी त्या खेळाच्या इतिहासात मोठे मानले गेले आहेत. बॉस्टन ब्रुइन्स संघाचे डिट क्लॅपर १९२७ पासून १९४७ पर्यंत वीस हंगाम खेळले. आरंभी उजव्या बगलेचे फॉरवर्ड, उत्तरार्धात डिफेन्समन. त्यांच्या संघाने १९२९ साली स्टॅनली करंडक जिंकला तेव्हा ते पुढे होते. १९३९ व १९४१ साली जिंकला तेव्हा मागे. ब्रेंट बर्न्स यांची तर येरझारच झाली. २००३ साली मिनेसोटाच्या संघाने त्यांस निवडले ते फॉरवर्ड म्हणून. तेथे ते डिफेन्समन झाले. पुढे सॅन होजेच्या संघाने २०१३ साली त्यांस पुन्हा पुढे नेले, २०१४ साली पुन्हा मागे आणले. आणि २०१७ साली सर्वोत्तम डिफेन्समनचा नॉरिस करंडक त्यांसच मिळाला.

परंतु आमच्या मनात घर केले ते डेट्रॉइट रेड विंग्ज संघाच्या सर्गेई फेडोरोव्ह यांनी. १९९४ साली सर्वांत मोलाच्या खेळाडूचा हार्ट करंडक त्यांनी मिळविला. असा मोहरा १९९६-९७ च्या हंगामात प्रशिक्षक स्कॉटी बोमन यांनी काही काळ डिफेन्समन म्हणून मागे उभा केला! त्याच हंगामाअखेर त्या संघाने बेचाळीस वर्षांनी स्टॅनली करंडक घरी आणला. पण आम्हांस महत्त्वाची वाटली ती निराळीच गोष्ट. बचावात सर्वांत निपुण अशा फॉरवर्डला मिळणारा सेल्की करंडकही १९९४ साली फेडोरोव्ह यांच्याकडेच आला होता. पुढे धावताना ज्याचे एक लक्ष मागे असते, तोच मागे आणण्यास योग्य ठरतो.

हे वाचताना आमचीच एक जुनी गोष्ट आम्हांस टोचू लागली. शाळेत वरच्या वर्गांचे संस्कृत बरीच वर्षे आमच्याकडे होते. पुढे पदवीधर शिक्षक आले आणि मुख्याध्यापकांनी आम्हांस पाचवीचे मराठी दिले. आम्ही शब्दाने विरोध केला नाही, परंतु मनातून रुसलो. दोन वर्षे व्याकरण उरकल्यासारखे शिकविले. तीच मुले आठवीत संस्कृत शिकू लागली, तेव्हा त्यांना वाक्यातील कर्ता कोणता आणि कर्म कोणते हेच ओळखता येईना. आमची बाजू आम्हीच उघडी टाकली होती. मुख्याध्यापकांनी आम्हांस उणे लेखून मागे पाठविले, की पायाभरणीस जुना माणूस हवा म्हणून, हे विचारण्याचेही आम्हांस सुचले नाही.

त्या रात्री आम्ही नातवास सारे सांगितले; फेडोरोव्हांचे आणि पाचवीच्या वर्गाचेही. "बाळ, आजोबा चुकले," असेही म्हणालो. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "तुम्ही कोचना विचारलंच नाहीत? मी उद्या विचारतो." कोचनी सांगितले, की चकती हरवली म्हणजे सर्वांआधी मागे वळणारा मुलगा तोच आहे.

परवाच्या शनिवारी त्याचा सामना होता. तेथे सकाळचे आठ, येथे सायंकाळचे साडेसहा. आमच्या सौभाग्यवतींनी देवापुढे दिवा लावला आणि सारे घर मोबाइलभोवती बसले. उत्तरार्धात एक उंच मुलगा आमच्या बाळास हुलकावणी देऊन गेला, आणि गोल झाला. सामन्यानंतर तो म्हणाला, "आजोबा, तो गोल माझ्यामुळे झाला."

या वेळी आम्ही निकाल दिला नाही. "कोठे चुकलास, ते मला समजावून सांग," एवढेच म्हणालो. त्याने टेबलावर दोन चमचे मांडले, एक तो मुलगा आणि एक स्वतः. आणि उलट्या पावली जाताना आपण किती लवकर वळलो ते दाखवू लागला. आम्ही चष्मा पुसून पडद्याजवळ सरकलो.