लहान चाकांची वाट

मुलांना टेकडीवर सायकल चालवायला न्यायचं म्हटलं की आईबापांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती किलोमीटर? मी या प्रश्नाला बगल देतो. सात-आठ वर्षांचं पोर रमलं तर पाच-सहा किलोमीटर हसतखेळत फिरतं, बिथरलं तर दोनशे मीटरवर भोकाड पसरतं. मी एवढंच पाहतो की मुलाचा तोल जाईल तिथे कडेला काय आहे. गवत असेल तर वाट चालेल. कातळ, तारेचं कुंपण किंवा कडा असेल तर वाट कितीही सपाट असो, ती बाद. खडकवासल्याच्या कालव्याकाठी म्हणूनच मी मुलांना नेत नाही. चढ नाही, उतार नाही, सगळं सोयीचं. पण एका अंगाला वाहतं पाणी आहे आणि नवशिक्याची सायकल त्याची नजर जाते तिकडेच वळते.

नवी वाट मी आधी एकटा पाहून येतो, तीही पायी. सायकलवरून पाहिली तर फसगत होते. माझं चाक २९ इंची. मुठीएवढे दगड त्याखालून कधी गेले ते कळतही नाही. त्याच दगडावर २० इंची चाक आपटतं आणि पोर हँडलवर पडतं. वजनाचंही तसंच. बाजारात मिळणारी मुलांची सायकल ११-१२ किलो सहज भरते आणि चालवणारं पोर असतं २२-२४ किलोचं. माझं वजन ७०. मला कुणी ३५ किलोची सायकल दिली तर चढावर ती ढकलायलाही मी कुरकुर करेन.

आमची नेहमीची जागा वेताळ टेकडी. पुणे शहरातली ही सर्वात उंच टेकडी, सुमारे ८०० मीटर. एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेच्या अंगाने डांबरी रस्ता वर जातो आणि वर चांगलं ऐसपैस पठार आहे. मुलांची सगळी मजा त्या पठारावर. खालून चढवत आणून त्यांचा घाम काढण्यात मला काही शौर्य वाटत नाही. सायकलला मुभा आहे ना, एवढं मात्र आधी विचारून घ्यावं. आणि सकाळी फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांना आधी वाट द्यायची, घंटी नंतर.

पठारावरून बाजूला फुटणाऱ्या वाटांत दोन जाती आहेत. माणसांनी पाडलेली वाट घाई करते, सरळ नाकासमोर खाली उतरते. पावसाचं पाणी तिच्यातूनच धावतं, मधोमध घळ पडते आणि मुरूम सुटा होतो. गुरांची वाट उतार आडवा कापत निवांत जाते. पायवाटा बांधणारे जाणकारही तेच सांगतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत राहावा. म्हशींना हे कुणी शिकवलेलं नसतं. वनखात्याने खणलेले समतल चर दिसले तर आणखी चांगलं. चर एकाच उंचीवरून जातात, त्यांच्या कडेने वाट असेल तर ती बहुधा सौम्य निघते.

चढाची भीती मोठ्यांनाच फार. मूल चढावर दमतं, उतरतं, ढकलतं, विषय संपतो. खरी परीक्षा उताराची. मागच्या हिवाळ्यात एक मुलगी छोट्याशा उतारावर मध्येच थांबून रडू लागली. घाबरली असेल असं सगळ्यांना वाटलं. तिची मूठ उघडून पाहिली तर बोटांच्या शेवटच्या पेरांवर लाल वळ. ब्रेकची दांडी हँडलपासून इतकी लांब होती की बोटांची फक्त टोकंच तिच्यापर्यंत पोचत होती. तिथला छोटा स्क्रू आत फिरवून दांडी जवळ आणली आणि मग ती तोच उतार पुन्हा उतरली. तेव्हापासून सलग लांब उतार मी घेतच नाही. थोडा उतार, मग सपाटी, तिथे हात झटकायचे, पुन्हा थोडा उतार. टायरची थोडी हवाही कमी करतो. दुकानातून तो टणक फुगवून येतो आणि हलकं पोर मुरमावर नुसतं उडत राहतं.

हंगामही पाहावा लागतो. पावसाळ्यात कातळावर शेवाळ, ऑक्टोबरात मोज्यांत घुसणारं कुसळ, फेब्रुवारीनंतर फुफाटा. नोव्हेंबर-डिसेंबर उत्तम: जमीन अजून घट्ट असते आणि ऊन सोसवतं. बाभळीचे काटे मात्र बारमाही, त्यामुळे जादा ट्यूब हवीच.

वाट जाऊन-येऊन एकच असलेली बरी. परत फिरायचं असलं तर कुठूनही फिरता येतं आणि येताना पोरं ‘इथे तो मोठा दगड होता’ म्हणत पुढे पळतात. अडचण एकच, टेकडीवरची दगडाची जुनी खाण. फाटा आला की हट्ट सुरू होतो.

‘काका, सायकलवरच जाऊ ना तिकडे!’

‘नाही. तिकडे पायी. सायकली इथेच आडव्या ठेवा, चेनची बाजू वर करून.’