सावलीची नोंद

विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या तपासण्याचे काम ज्यांनी काही वर्षे केले आहे, त्यांस एक चमत्कार अंगवळणी पडलेला असतो. लंबकाचा दोरा कोणी वीतभर घेतो, कोणी हातभर. कोणाचा गोळा जड, कोणाचा हात घड्याळाच्या कळीवर उशिरा पडणारा. परंतु गुरुत्वत्वरणाचे उत्तर मात्र सर्वांचे ९.८ येते. इतके एकमत चाळीच्या सभेत पाण्याच्या वेळेविषयीही होत नाही. याचे कारण उघड आहे. उत्तर आधी ठाऊक असते, आणि रीडिंगे मागाहून त्याच्या अंगाने बेतून घेतलेली असतात. आमच्या विद्यार्थिदशेत ते उत्तर गाइडाच्या शेवटच्या पानावर असे. आता ते खिशातल्या फोनवर असते. पान उलटण्याचा त्रास तेवढा वाचला आहे.

हे वाचून कोणी आम्हांस नव्या साधनांचे वैरी समजू नये. बालभारतीच्या पुस्तकांत धड्याच्या कडेला ठिपक्याठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. त्यावर फोन धरला की धड्याचे चित्रपट उघडतात. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ नावाची मालिका लागे. तीत घरातल्या भांड्याकुंड्यांनीच प्रयोग करावयास सांगत. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत कचऱ्यातून खेळणी करण्याच्या ज्या चिमुकल्या फिती तयार केल्या, त्या तर आम्ही स्वतः मिटक्या मारीत पाहिल्या आहेत. त्यांचा गुण असा की, फीत मिनिटा-दोन मिनिटांत संपते आणि पाहणारा मुलगा रिकामी बाटली शोधावयास उठतो. उलट, ज्या फितीत ग्रहगोल रंगीबेरंगी फिरतात, मागे तबला वाजतो आणि शेवटी निवेदिका ‘समजले ना?’ असे विचारते, ती संपल्यावर मुलगा दुसरी फीत लावतो. साधन एकच, एकाने मूल उठते, दुसऱ्याने बसते. आमची कसोटी एवढीच आहे, आणि ती फार शास्त्रीय आहे असा आमचा दावा नाही.

ही कसोटी आम्हांस फणसवाडीतल्या एका गच्चीवर लावून पाहता आली. फणसवाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांस ठाऊक असेल की, तेथे सूर्य ही दुर्मिळ वस्तू आहे. व्यंकटेशाच्या देवळाच्या आसपासच्या बोळांत तो माध्यान्हीला घटकाभर उतरतो आणि जातो. जुन्या चाळी पडून उंच इमारती येऊ लागल्यापासून तर तो आणखी कंजूष झाला आहे. असे असूनही, दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो याविषयी वाडीतल्या एकाही मुलाच्या मनात संशय नव्हता. पुस्तकातले चित्र तसे असते, आईही तसेच म्हणते.

वस्तुस्थिती अशी की, मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनच दिवस. एकदा १५ मेच्या सुमारास आणि पुन्हा २७-२८ जुलैच्या सुमारास. डिसेंबरच्या २२ तारखेला तर भर माध्यान्हीलाही मीटरभर काठीची सावली ९० सेंटिमीटरांहून अधिक लांब असते. मे आणि जुलै यांच्यामध्ये सूर्य आपल्या उत्तरेस जातो आणि माध्यान्हीची सावली चक्क दक्षिणेकडे पडते. या दोन दिवसांना हल्ली ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. यातली गंमत अशी की, पहिला दिवस येतो तेव्हा शाळांना सुट्टी असते, आणि दुसरा येतो तेव्हा आभाळ भरलेले असते. ज्या शहरातून शिकविण्याजोगी ही इतकी सोपी गोष्ट शाळेत शिकवता येत नाही, तेथे ती चाळीच्या गच्चीवरच शिकविली पाहिजे.

२०२३ च्या मे महिन्यात सुट्टीवरची सात-आठ मुले आम्ही जमविली. शेजारच्या कापडवाल्याकडून मीटरची लोखंडी पट्टी आणली, ओळंबा लावून ती उभी केली आणि बारा वाजण्यापूर्वीच सर्वांस आपापला अंदाज वहीत लिहावयास लावला. ही अंदाजाची अट आम्ही मुद्दाम घातली होती. ज्याने आधी काही पण लावलेला नाही, त्यास निकालाचे काय होय? बाराच्या ठोक्यास सावली होतीच, चांगली बोटभर आणि वर. एक मुलगा रागावून म्हणाला, “काका, फोनमध्ये आजच शून्य म्हटलंय!” ती बारा वाजून ३५ मिनिटांनी नाहीशी झाली. पट्टीच्या पायाशी काही उरले नाही, आणि पलीकडच्या तीस-मजली इमारतीची सावलीही तिच्याच पायांत गेली. मुलांनी टाळ्या पिटल्या.

पस्तीस मिनिटांचा हा उशीर का? आमचे घड्याळ पूर्वेकडच्या ८२.५ रेखांशाचे आहे आणि सूर्याला तेथून गिरगावापर्यंत येण्यास ३९ मिनिटे लागतात. वरच्या चार मिनिटांचा फरक पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि तिच्या आसाच्या कलण्यामुळे पडतो. १९०६ साली देशासाठी एक वेळ ठरली तेव्हा मुंबईकरांनी आपली ‘बॉम्बे टाइम’ सोडावयास नकार दिला आणि पुढे कित्येक दशके ती चालविली. त्या हट्टात मुत्सद्देगिरी किती आणि सूर्यनिष्ठा किती हे इतिहासकारांनी ठरवावे. मुलांना मात्र हे ऐकून घड्याळाविषयी प्रथमच शंका आली.

परंतु खरा प्रसंग पुढेच होता. त्यांतल्या एका मुलाची आतेबहीण कोल्हापूरला असते. तिनेही आपल्या गच्चीवर मीटरभर काठी उभी केली होती. कोल्हापूर गिरगावाच्या दक्षिणेस. तेथे सूर्य आठवड्याभरापूर्वीच डोक्यावरून गेला होता, म्हणून त्या दिवशी तिच्या माध्यान्हीला, म्हणजे आमच्याहून सुमारे सहा मिनिटे आधी, लहानशी सावली दक्षिणेकडे पडणार होती. इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनीसने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दोन गावांतल्या सावल्यांच्या फरकावरून पृथ्वीचा घेर काढला, त्याचीच ही वाडीतली आवृत्ती. त्यास गावांमधले अंतर मोठ्या खटपटीने मिळवावे लागले. आमच्या मुलांनी नकाशावरून दक्षिणोत्तर २५० किलोमीटर क्षणात काढले. दोन गच्च्या फोनने समोरासमोर आल्या. असे काम आम्हांस कोणत्याही पुस्तकाने साधले नसते.

कोल्हापुराहून सावली आली ५ सेंटिमीटर. हिशेब झाला: कोन पावणेतीन अंशांच्या किंचित वर, म्हणून घेर सुमारे ३१,५०० किलोमीटर. फोनने सांगितले, ४०,०००. गच्चीवर शांतता पसरली. मग हिशेब मांडणाऱ्या मुलीने उलट गणित केले आणि हळूच विचारले, “काका, तिनं चार मोजले असतील का? चार धरले तर बरोबर येतं.”

९.८ चा जन्म आम्ही डोळ्यांदेखत पाहिला. ती मुलगी अप्रामाणिक नव्हती. शाळेने तिला आजवर एवढेच शिकविले होते की, बरोबर उत्तराला गुण असतात. आम्ही वहीत ५ तसेच राहू दिले, आणि तो सेंटिमीटर कोठून आला याचा तपास करावयास सांगितले. कोल्हापूरच्या मुलीने काठी नुसत्या डोळ्याने उभी केली होती, असे निघाले. अर्ध्या अंशाने काठी कलली तरी सावलीत जवळजवळ सेंटिमीटरभर फरक पडतो. शिवाय सूर्य हा बिंदू नव्हे, थाळी आहे. त्यामुळे सावलीची कड पुसट असते आणि ती नेमकी कोठे संपली हे ज्याचे त्याने ठरवायचे. हा पुसटपणाही तेवढाच, सेंटिमीटरच्या आतबाहेर. एका मुलास सुचले की, गाव आणखी दूरचे घेतले तर हाच सेंटिमीटर एवढा नडणार नाही. कोचीनला कोणाचे कोणी आहे का, अशी चौकशी सुरू झाली. तो अर्धा तास आमच्या मते सबंध दुपारच्या मोलाचा होता, आणि त्यात फोनचा उपयोग कोल्हापुरास ओळंबा कसा करावा हे दाखविण्यापुरताच झाला.

येथे भाषेविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही प्रथम ‘खस्वस्तिक’ हा शब्द योजला आणि सगळे चेहरे बंद झाले. ‘डोक्याच्या बरोबर वरचा बिंदू’ म्हणताच उघडले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली सुरू केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात आणि मुंबईच्या महापालिका शाळांत काम केले. विज्ञानाच्या वाटेत पुस्तकी भाषाच आडवी येते, हे त्यांनी त्या काळी मुलांबरोबर काम करून दाखविले. फोनवरची पुष्कळशी मराठी निवेदने ऐकली म्हणजे वाटते, ते काम अजून या नव्या दुकानात पोचलेले नाही. चित्रे हलू लागली, वाक्ये मात्र जागच्या जागी आहेत.

पालकांचाही विचार झाला पाहिजे. त्या मुलीच्या वडिलांनी आम्हांस जिन्यात गाठून आदराने विचारले, “सर, परीक्षेत ५ लिहिले तर गुण मिळतील का?” खरे सांगावयाचे तर, आजच्या प्रश्नपत्रिकेत मिळणार नाहीत. जेथे उत्तराचाच भाव आहे तेथे मूल रीडिंग बदलणार, मग त्याच्या हाती लंबक द्या की फोन. महागड्या शिकवणीच्या ॲपची वर्गणी भरताना हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्यांनी विचारला याबद्दल आम्हांस त्यांच्याविषयी आदरच वाटला. आम्ही त्यांस ती वही दाखविली. त्यांनी ती उभ्याउभ्याच वाचली, आणि सूर्याची थाळी म्हणजे काय ते मुलीस विचारले.

जुलैच्या २८ तारखेस मुले शाळेतून येताना पुन्हा गच्चीवर गेली. त्या आठवड्यात मुंबईत धो धो पाऊस कोसळत होता. वहीत त्या दिवसाखाली तिच्याच अक्षरात लिहिलेले आहे: ‘ढग. सावली दिसली नाही. कोचीनचे अजून उत्तर नाही.’