चाकाविना घडलेलं

इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर, पूल नावाच्या खाडीकाठी, मडकी हातानंच घडत. मातीत वाळू मळलेली, म्हणजे जाळाशी बसूनही भांडं तडकत नसे. जरा सुकलं की अंग घोटून गुळगुळीत करायचं, पोटावर तिरप्या रेघांची जाळी ओढायची, आणि धुरात काळंभोर भाजायचं. डुरोट्रिजेस या केल्टिक जमातीची ही पिढीजात रीत.

इ.स. 43 मध्ये रोमन फौजा ब्रिटन बेटावर उतरल्या. दक्षिणेतले वीसहून अधिक गड एकट्या व्हेस्पॅशियन या रोमन सेनानीनं घेतले. मागोमाग कुंभाराचं भरधाव चाक आलं, गॉलची, म्हणजे आजच्या फ्रान्सकडची, तांबडी, तकतकीत ताटं आली. त्यांच्या तळाशी कारागिराच्या नावाचा ठसा. आता या काळ्या मडक्याला कोण विचारणार?

रोमन सैन्यानंच विचारलं! 122 च्या सुमारास दूर उत्तरेत सम्राट हॅड्रियनची भिंत उठू लागली आणि खाडीकाठची मडकी तिथवर पोचली. कोणी ऱ्हाईनकाठचा, कोणी सिरियाचा. त्या शिपायांचं कालवण जितांच्या मडक्यात रटरटू लागलं. खाडीकाठच्या हातांनी रोमन ताटल्यांचे आकार उचलले, चाक मात्र नाही. हा हट्ट होता असं मला वाटत नाही. चुलीला काय मानवतं ते त्या हातांना ठाऊक होतं, एवढंच.

भिंतीच्या दगडांवर डुरोट्रिजेसचं नाव कोरलेलं आहे, बांधकामाला राबले म्हणून. मडक्यांवर ते नाही. घडवणारी होती की घडवणारा, याचीही खूण नाही. बुडाला काजळी आहे, आणि ती जाळी. आधी तिच्या रेघा उभट. शतकं सरली तशा त्या आडव्या कलत गेल्या. आज उत्खननात त्या कलावरून खापराचा काळ ठरतो, आणि खापरावरून कित्येकदा किल्ल्याचाही. ज्यांचं नाव कुणी लिहिलं नाही, त्यांच्या रेघांवर साम्राज्याच्या तारखा मोजायच्या!

रोमन अमलात साडेतीनशेहून अधिक वर्षं ही मडकी टिकली. जिंकणाऱ्यांनी त्यांना मोडलं नाही. ते गेल्यावर ती मोडली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला फौजेचे पगार थांबले, नाणं आटलं, दूरचं गिऱ्हाईक तुटलं, आणि खाडीकाठचे आवे विझले. रोमन येण्याआधी याच हातांनी आपल्यापुरती मडकी घडवलीच होती की! मग पुन्हा आपल्यापुरती का घडवली नाहीत? शतकानुशतकं बाजारासाठी घडवल्यावर घरापुरतं घडवणं एवढं अवघड होऊन बसतं?