करून दाखवा, अण्णा

कराड सोडून वाळवा-पलूसच्या ऊसपट्ट्यात शिरलं की साखर कारखान्याच्या चिमणीजवळ हल्ली बऱ्याच ठिकाणी डिस्टिलरी दिसते. तिथलं इथेनॉल टँकरमधून मिरज-हजारवाडीच्या तेल डेपोंकडे किंवा खंबाटकीच्या बोगद्यातून पुण्याकडे जातं. या टँकरच्या ड्रायव्हर-क्लीनरना सुरक्षा तपासणीसाठी तयार करणं हे माझं काम.

धोकादायक माल नेणाऱ्या चालकाकडे प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र हवं, असं १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नववा नियम सांगतो. मालाची माहिती आणि अपघातात काय करायचं, हे लिहिलेलं ट्रेम कार्डही केबिनमध्ये हवं. ही उत्तरं बहुतेकांना पाठ असतात. इथेनॉलचा यूएन क्रमांक ११७० हे झोपेतही सांगतील. म्हणून मी प्रश्न थांबवतो आणि म्हणतो, “अण्णा, अर्थिंग करून दाखवा.”

खरी परीक्षा इथे सुरू होते. रबरी टायरमुळे टँकर जमिनीपासून तुटलेला असतो. माल भरताना तयार होणारी स्थिर वीज टाकीवर साठते, ती अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवी. चिमटा रंगावर लावला तर तार जोडलेली दिसते, पण वीज वाहीलच याची खात्री नसते. चिमट्याचे दात उघड्या, स्वच्छ धातूत रुतले पाहिजेत. क्रमही चुकवायचा नाही: आधी अर्थिंग, मग मॅनहोलचं झाकण, भरून झाल्यावर आधी झाकण बंद, मग तार काढायची. हे हातात बसेपर्यंत मी करून घेतो.

‘का’ कळल्याशिवाय मात्र हात शिस्त पाळत नाही. शुद्ध इथेनॉलची वाफ साधारण १३ अंश सेल्सिअसलाच पेट घेऊ शकते. आपल्याकडे थंडीतली पहाट सोडली तर वर्षभर तापमान त्याच्या वरच. त्याची फिकट निळी ज्योत भर उन्हात दिसतही नाही. ते पाण्यात मिसळतं आणि आग विझवणाऱ्या साध्या फोमचा थर मोडतं, म्हणून अल्कोहोलला टिकणारा फोम लागतो. एवढं समजलेला माणूस तपासनीस नसतानाही चिमटा नीट लावतो.

समुद्रातली तेलवाहू जहाजंही याच वाटेने निघाली आहेत. १९६७च्या ‘टोरी कॅन्यन’ या तेलवाहू जहाजाच्या दुर्घटनेनंतर तेल कंपन्यांनी १९७० साली ओसीआयएमएफ ही संघटना काढली. तिची सप्टेंबर २०२४पासून लागू झालेली ‘सायर २.०’ तपासणी यंत्रं आणि कार्यपद्धतींसोबत माणसंही पाहते: खलाशाला काम येतं का, आणि ते तसं का करायचं हे कळतं का.

टँकरमालकांना आणि कारखान्यांना माझी विनंती आहे. गेटपास मिळाला की गाडी सुरक्षित झाली, असं धरू नका. ड्रायव्हरला घाई लावू नका. पुढच्या लोडिंगला स्वतः उभे राहा आणि चिमटा रंगावर लागतोय की धातूवर, एवढं तरी बघा.