चाचणीचं बिस्किट

ओव्हनचं बटण १६० वर फिरवलं म्हणजे आत १६० अंश झाले, असं मी कधीच धरून चालत नाही. ओट्यावर मावणारा हा छोटा ओव्हन, सगळे ज्याला ओटीजी म्हणतात तो, म्हणजे पत्र्याची एक पेटी. वर दोन रॉड, खाली दोन रॉड आणि कडेला बसवलेला थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅटला कळतं ते तो बसलाय तिथलं तापमान. बिस्किटं असतात मधल्या ट्रेवर, रॉडपासून चार-सहा बोटांवर. तिथे खरंच किती तापलंय हे पाहायचं तर आत टांगायचं साधं थर्मामीटर हवं. ओव्हन घेणाऱ्या प्रत्येकीला मी सांगते, केकचे साचे नंतर घे, आधी थर्मामीटर घे.

दुसरी गोष्ट विजेची. दीड हजार वॅटचा ओव्हन दीड हजार वॅट देतो तो २३० व्होल्ट मिळाले तर. रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबाने कमी होते. म्हणजे संध्याकाळी वस्तीवर सगळ्यांचे दिवे-पंखे लागले आणि दाब १८० वर आला, की तोच ओव्हन नऊशे वॅटच्या आसपास उरतो. थर्मोस्टॅट हट्टाने १६० गाठायला बघतो, पण वेळ लागतो. आणि ट्रे आत घालताना दार उघडलं की गेलेली ऊब भरून यायला आणखी वेळ. तेवढ्यात तूप वितळून बिस्किट पसरतं. नगरच्या सावेडीत माझ्या स्वयंपाकघरात दुपारी जी नानकटाई टुमदार फुगते, ती कर्जतजवळच्या शेतवस्तीवर रात्री आठ वाजता पापडासारखी चपटी होऊ शकते. बाई तीच असते, पीठही तेच. म्हणून पुस्तकातली मिनिटं मी वहीत उतरवून घेत नाही. वहीत लिहिते ते महिना, वेळ, पीठ कुठल्या दळणाचं आणि थर्मामीटरवर प्रत्यक्ष काय दिसलं ते. प्लग मात्र जाड पिनांच्या पंधरा अँपियरच्या पॉइंटलाच. मोबाइल चार्जर लावायच्या पॉइंटला ओव्हन जोडला की आधी पॉइंट भाजतो.

नगरला नानकटाई घरी भाजायची पद्धत जुनी नाही. दिवाळीच्या आधी मैदा, पिठीसाखर, डालडा किंवा तूप मोजून डबा भरायचा आणि बेकरीच्या भट्टीवर न्यायचा. कुठे भट्टीवालाच पीठ मळून देई, कुठे घरच्या बायका तिथेच बसून गोळे वळत. काळ्या पडलेल्या पत्र्यांवर नावाची चिठ्ठी, किलोमागे भाजणावळ. नाताळाच्या आधी हीच रांग पुन्हा लागे. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ साली सुरू झालं, त्यामुळे इथला ख्रिस्ती समाज जुना, आणि त्यांच्या घरी नाताळाच्या फराळाच्या ताटात करंजी-चकलीच्या शेजारी भट्टीची बिस्किटं असतातच.

लाकडाच्या भट्टीचं शास्त्र मला आजही मोह घालतं. जाड विटांच्या भिंती एकदा तापल्या की तासन्‌तास उष्णता सोडत राहतात. कडक आंचेवर आधी पाव. पाव निघाले, भट्टी उतरू लागली, की नानकटाई आणि खारी. आणि सगळ्यात शेवटी, नुसती धग उरली की पावाचे काप टोस्ट होण्यासाठी आत. चढत्या आणि उतरत्या आंचेवर काय ठेवायचं ते भट्टीवाल्याला हात आत धरून कळायचं. ओटीजीत ही उतरती आंच आपोआप मिळत नाही, ती बटणाने आणावी लागते. पण तिची नक्कल करता येते, आणि बिस्किटांसाठी ती करावीच.

तरी भट्टीची एक अडचण होती आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. भट्टीत एका वेळी पाच-पाच, दहा-दहा किलो माल जातो. एवढ्या मालावर प्रयोग कोण करणार? त्यामुळे भट्टीला मैदाच लागे. मैदा रोज सारखा वागतो. ज्वारी-बाजरीचं पीठ दर दळणाला वेगळं, दर पोत्याला वेगळं. माझं मत असं, की ज्या जिल्ह्याच्या दक्षिणेला जामखेड, कर्जत, श्रीगोंदा, पाथर्डीत रब्बी ज्वारीची शेतंच्या शेतं उभी राहतात, त्या जिल्ह्याच्या बिस्किटात पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी शिरली नाही याचं मोठं कारण भट्टीचा आकार आहे. छोट्या ओव्हनने ते दार उघडलं. कारण छोट्या ओव्हनमध्ये एक बिस्किट भाजून बघता येतं.

हे चाचणीचं बिस्किट माझ्या कामाचा गाभा आहे. सगळं पीठ मळून झालं की एकच गोळा वळायचा, तापल्या ओव्हनमध्ये ठेवायचा आणि काचेतून बघत बसायचं. पाच-सहा मिनिटांत कडा हलू लागतात. गोळा भराभरा पसरला तर तूप फार मऊ आहे किंवा जास्त पडलंय. पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये जातं, नाहीतर मूठभर पीठ आणखी. गोळा तसाच गोल बसून राहिला तर पिठाने सगळी ओल पिऊन टाकलीय. एक चमचा दूध. कडांना बारीक भेगा गेल्या आणि मध्य किंचित वर राहिला, तर बरोबर. मग ते बिस्किट बाहेर काढून पूर्ण निववायचं. गरम असताना चाखून काही कळत नाही, कारण बिस्किटाचा कडकपणा ते निवताना येतो. निवल्यावर बोटाने दाबलं आणि त्याचे चार मोठे तुकडे झाले तर बांधणी आहे. भुगा झाला तर कणीक वाढवायची.

ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नाही, हे आता सगळ्यांना माहीत असतं. पण नानकटाईला ग्लुटेन नकोच असतं. लोण्यात साधारण सहावा हिस्सा पाणी असतं, तुपात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणून तुपाच्या नानकटाईत मैदासुद्धा चिवट होत नाही, खुसखुशीत होतो. ज्वारीचा प्रश्न उलटा: ती इतकी खुसखुशीत होते की धरून राहत नाही. माझं प्रमाण असं स्थिरावलंय: ज्वारीचं पीठ २०० ग्रॅम, कणीक १००, बेसन ५०, तूप २००, पिठीसाखर १७५, वेलची, चिमूटभर मीठ. ज्वारी गिरणीवाल्याला बारीक मागायची आणि घरी पुन्हा मैद्याच्या चाळणीने चाळायची. पीठ ताजंच हवं. विरी गेलेल्या पिठाची भाकरी जशी थापताना फाटते, तसं त्या पिठाचं बिस्किटही तुटकं होतं आणि जिभेवर किंचित कडवट लागतं.

तूप रवाळ, थिजलेलं. नगरच्या मे महिन्यात ते तेल होऊन बसतं. तेव्हा थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून, ढवळून, पुन्हा ठेवून रवा आणावा लागतो. मग परातीत घालायचं आणि तळहाताने फेसायचं. मिक्सर मला चालतो, पण तळहाताला जे कळतं ते मिक्सरला नाही. आधी तूप पिवळट, दाणेदार लागतं. थोड्या वेळाने दाणे हाताखाली विरतात, रंग फिकट होतो, परात घासण्याचा आवाज बदलतो. पांढरंशुभ्र झालं की हवा पुरेशी भरलीय. साखर घालून पुन्हा फेसायचं, मग पिठं, आणि त्यानंतर मळणं नाही, नुसतं गोळा करणं. झाकून अर्धा तास ठेवलं की ज्वारीचा कोंडा ओल धरतो आणि खाताना कचकच राहत नाही.

भाजताना ट्रे मधल्या खाचेत. ओव्हन १८० पर्यंत तापवून बिस्किटं आत गेली की बटण १६० वर, म्हणजे भट्टीसारखी उतरती आंच. पहिली बारा-तेरा मिनिटं फक्त खालचा रॉड, शेवटची पाच-सहा दोन्ही. वरचा रॉड इतका जवळ असतो, की तो सुरुवातीपासून चालू ठेवला तर माथा तांबूस आणि पोट कच्चं. आणि ट्रेवर गर्दी करू नये. पेटी लहान आहे, हवा फिरायला तेवढीच जागा. एका खेपेत बारा बसतात तिथे बाराच. घाईत सोळा बसवणाऱ्या बायकांशी माझं भांडण ठरलेलं.

साखरेऐवजी गूळ घालायचा तर हिशेब बदलतो. गुळात ओल असते आणि तो लवकर रंग धरतो, म्हणून १५० ग्रॅमच घ्यायचा आणि आंच दहा अंशांनी खाली. गुळाला किंचित आंबटपणा असतो, त्याच्याशी खायच्या सोड्याची जोडी जमते. चिमूटभर सोडा पुरतो. आंबट काही नसताना ढीगभर सोडा घातला की बिस्किट छान फुलतं, सुंदर लाल होतं आणि साबणासारखं लागतं. बेकऱ्यांत वापरतात तो अमोनिया वेगळा: तो आंचेने पूर्ण वायू होऊन उडून जातो, मागे चव ठेवत नाही. पण पातळ, कोरड्या बिस्किटातूनच तो नीट उडतो. घरी मी आणत नाही.

बाजरीवर माझा विशेष जीव आहे आणि तिच्याइतकं सांभाळून घ्यावं लागणारं पीठ दुसरं नाही. बाजरीत स्निग्धांश जास्त, आणि दळल्याबरोबर तिच्यातलीच विकरं त्या तेलाला लागतात. आठवड्याच्या आत पिठाला कडवट वास येऊ लागतो. उपाय दळणाआधी करायचा. निवडलेली बाजरी ओव्हनच्या ट्रेवर पातळ पसरून, मंद आंचेवर, खमंग वास सुटेपर्यंत गरम करायची, निववायची आणि मग गिरणीत. आंचेने ती विकरं बरीचशी निकामी होतात. भोगीला आपण तीळ लावून बाजरीची भाकरी करतो, ती जोडी जुन्या लोकांनी विचार करून जमवलेली आहे. बाजरी, तीळ आणि गूळ यांचं बिस्किट डिसेंबर-जानेवारीत करावं, चहाबरोबर खावं आणि पंधरा दिवसांत संपवावं. टिकाऊपणासाठी तिला उन्हाळ्यात ओढू नये.

नाचणी येते अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यातून. त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणं जपण्यासाठी २०२० ची पद्मश्री जाहीर झाली, आणि गावरान वाणांबद्दल शहरातही लोक विचारू लागले, याचा मला फार आनंद आहे. ओव्हनपाशी मात्र नाचणीची परीक्षा कठीण. ती मुळातच काळपट-तांबूस, तेव्हा रंगावरून भाजलं की नाही ते कळत नाही. नाकावर भरवसा ठेवायचा. कच्च्या नाचणीचा मातकट वास जाऊन खरपूस वास आला की दोन मिनिटं आणि, मग बाहेर. मोड आणून वाळवलेली नाचणी असेल तर तिच्यात साखर तयार झालेली असते. ती लवकर करपते.

ओव्हनमध्ये सगळंच चांगलं होतं असं नाही. भरताचं वांगं मी त्यात कधी घालत नाही. धुराशिवाय भरीत कसलं? भाकरीही नाही. पण शिळी भाकरी, हो. कालच्या ज्वारीच्या भाकरीचे दोन बोटं रुंद तुकडे कापायचे, तेल, तिखट, मीठ, ठेचलेला लसूण चोळायचा आणि १२० वर वीस-पंचवीस मिनिटं वाळवत भाजायचं. घरातली मुलं कुरकुऱ्यांचं पाकीट बाजूला ठेवून हे खातात. तसंच चिवड्याचे पातळ पोहे. दिवाळी ढगाळ असली की ऊन मिळत नाही. १०० अंशांवर पसरून दहा मिनिटं ठेवले की कुरकुरीत होतात आणि कढईत आक्रसत नाहीत. शेंगदाणे तर ओव्हनमध्ये आतपर्यंत सारखे भाजतात, कढईत कितीही परता, तसे होत नाहीत.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं, तेव्हापासून दुकानात ‘मिलेट कुकीज’ची पाकिटं दिसू लागली. पाकीट उलटून घटकांची यादी वाचावी. यादीत सगळ्यात जास्त असलेला जिन्नस आधी लिहावा लागतो, आणि बऱ्याच पाकिटांवर पहिला शब्द मैदा किंवा साखर असतो, ज्वारी कुठेतरी मागे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बचत गटाच्या बायकांना मी हे आवर्जून दाखवते. त्यांच्या दारात ज्वारी पिकते. त्यांच्या बिस्किटात ती पहिल्या नंबरवर असली पाहिजे, आणि तशी पाकिटावर लिहिता आली पाहिजे.

त्यांची खरी अडचण कौशल्याची नाही. तळहाताने तूप फेसणं त्यांना माझ्याहून चांगलं येतं. अडचण आहे ती ताज्या पिठाची आणि दाबाच्या विजेची, आणि या दोन्ही गोष्टी गावात एकाच ठिकाणी असतात, ती म्हणजे पिठाची गिरणी. तिथली वायर जाड, जोडणी भक्कम, वीज केव्हा चांगली असते हे गिरणीवाल्याला तोंडपाठ. बायका दळण घेऊन तिथे जातातच. गिरणीच्या शेजारच्या खोलीत गटाचे दोन ओव्हन ठेवावेत, पीठ थंड झालं की तिथेच मळावं, असं जामखेडकडच्या एका गटाशी यंदा माझं बोलणं चाललंय. जागेला गिरणीवाल्याची ना नाही. विजेचं वेगळं मीटर कुणाच्या नावावर घ्यायचं, तेवढं ठरायचं आहे.