होडी आणि पाऊणकी

दिवाळीच्या आधी चोडणच्या खाडीत होड्या वल्हवायला जायचं, हे आम्हा पाच जणांचं तीन वर्षांपासूनचं नुसतं बोलणं. यंदा मात्र बेत पक्का करायलाच बसलो. आमच्यातली एक जण डिसेंबरात नोकरीसाठी कॅनडाला चालली आहे. पुन्हा पाचही जण कधी एकत्र येऊ, कोण जाणे!

पहिला वाद जागेचा. बेळगावच्या मावसभावाला मांडवी आणि झुवारी जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा हवा होता. तिथे मगरी आहेत. त्या मोठ्या बोटीतून बघाव्यात, पाण्याला टेकलेल्या कयाकमधून नव्हे. म्हणून चोडणच ठरलं. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की जवळच डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरचं कांदळवन, पण चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, खंड्या, बगळे आणि थंडीचे पाहुणे पक्षी सगळे तिथे भेटतात. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, ते काम माझ्याकडे आलं.

दुसरा वाद तारखेचा. सगळ्यांना कोजागिरीच हवी होती. चांदणं, होडी आणि मसाला दूध! बाबा म्हणाले, "अगं, पौर्णिमेला उधाण असतं. पाणी जास्त चढतं, तेवढंच जोरात उतरतं." मग त्यांनी बोटांवर हिशेब मांडला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते. पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे रात्री सव्वाअकराला भरती आणि परतताना अंधारात ओहोटीची ओढ. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, आणि पाण्याला भांग, म्हणजे ओढ कमी. त्यामुळे अश्विन वद्य अष्टमी ठरली. सकाळी साडेसहाला भरल्या पाण्यात निघायचं आणि चिखल उघडा पडायच्या आत, नऊपर्यंत परतायचं. छापील भरतीचं कोष्टक पाहून वेळ नक्की करायची, हेही बाबांनीच बजावलं. ऑक्टोबरात दुपारनंतर विजांचा पाऊस येतो, म्हणूनही सकाळच बरी.

खरा प्रश्न तिसराच निघाला. इंदूरच्या मैत्रिणीला पोहता येत नाही. ती म्हणाली, "तुम्ही जा, मी धक्क्यावरून फोटो काढते." कुणालाच ते पटलं नाही. पाच जणांसाठी आखलेल्या सहलीत एकीने काठावर उभं राहायचं, तर सहल कसली? मग बेतच बदलला. मुख्य नदीत जायचं नाही, तिथे फेरीबोटी आणि बार्जची ये-जा असते. फक्त आतल्या अरुंद फाट्यात जायचं. लाइफ जॅकेट सगळ्यांना, पट्टीच्या पोहणाऱ्यालासुद्धा. ती दोघांच्या कयाकमध्ये वाटाड्यासोबत बसेल. आदल्या दिवशी गुडघाभर पाण्यात बसून बघायचं. तरीही तिला नको वाटलं, तर पाचही जण मोठ्या होडीतून जाऊ.

यावर ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "जॅकेट माझ्या मापाचं बघ हं."

कोजागिरीही सुटणार नाही. आटीव दूध आमच्या गच्चीवर, चांदण्यात. तुम्हीही खाडीचा बेत आखत असाल, तर आधी घरातल्या मोठ्यांना पाऊणकी विचारा, आणि मग पोहता न येणाऱ्याला विचारा की त्याला काय जमेल. त्यानंतरच बाकीचं ठरवा.